ईनबाईंचं रक्त आणि वरणातला पाना

नागपूरला जाऊन आले म्हटलं की आमच्या सांगलीत लोक दोनच प्रश्न विचारतात. संत्री आणलीस का, आणि सावजी मटण झेपलं का. संत्री आणली, मटण झेपलं नाही. पण गेली होतीस कशाला, असं कुणी विचारत नाही ते बरंच आहे, कारण ते काम चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. मला माझ्या विहीणबाईंकडं शौचाचा नमुना मागायचा होता.

ज्यांना विहीण नाही त्यांना यातली गोम कळायची नाही. मुलीची आई म्हणून मी लग्नात या बाईंचे पाय धुतले, त्यांना भारीतली साडी नेसवली, त्यांच्या ताटाभोवती रांगोळी काढली. त्यानंतर आमचं बोलणं म्हणजे सणावाराला फोन, "तब्येत काय म्हणते" आणि "देवाची कृपा". अशा बाईसमोर एकदम प्लास्टिकची डबी धरायची, हे काय खायचं काम आहे?

भानगड अशी होती. पुष्पाताईंच्या, म्हणजे विहीणबाईंच्या, पित्ताशयात खडे झालेले. अधूनमधून अशी कळ उठायची की बाई भिंतीला टेकून तोंडात पदर धरून बसायच्या. ऑपरेशन करावं तर अंगात रक्त नाही. हिमोग्लोबिन सहाच्या आसपास घुटमळत होतं. डॉक्टर म्हणाले, बाटलीनं रक्त चढवता येईल, पण अंगातलं रक्त जातंय कुठं ते आधी कळू दे, शौच तपासून आणा. पुष्पाताई हो म्हणाल्या आणि घरी येऊन गप्प बसल्या. मुलानं आईला कसं विचारायचं, सुनेनं सासूला कसं विचारायचं, आणि नवरा तर त्या गोष्टीचं नावच काढेना. शेवटी माझ्या केतकीनं मला फोन केला, "आई, तूच ये. तू जंतांची बाई आहेस."

मी आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, त्यातही परजीवी हा माझा आवडीचा विषय. त्याचं पोटच्या पोरीनं हे असं चीज केलं. पण पुष्पाताईंना काही झालं असतं तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती, म्हणून मी गाडीत बसले.

बेसा

बेसा म्हणजे नागपूरचं दक्षिणेकडचं टोक. मागच्या खेपेला जिथं हरभरा डोलत होता तिथं आता सात मजले उभे होते आणि त्यांना नावं परदेशातल्या गावांची. दोन इमारतींच्या मधल्या बोळात कुणाची तरी म्हैस ऊन खात उभी होती, ती बहुधा जुनी रहिवासी असावी. जानेवारीतली थंडी अशी की सकाळी नळाला हात लावताना देव आठवतो.

आमच्याकडं विहीणबाई म्हणतात, तिकडं ईनबाई. दारात पुष्पाताई उभ्या होत्या आणि "या ईनबाई" एवढं म्हणेपर्यंत त्यांना दम लागला. चेहरा शिळ्या भाकरीसारखा पांढुरका पडला होता. लग्नात ही बाई तीन दिवस उभी होती आणि वाढप्यांना दम देत होती.

त्यांचे यजमान वसंतराव मूळचे उमरेडचे, विणकरांच्या घरातले. हातमाग बंद पडले तेव्हा ते बुटीबोरीच्या कारखान्यात फिटर झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. माणूस देवमाणूस, फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट दुरुस्त करता येते असं वाटतं. माझ्यासाठी त्यांनी स्वतः सावजी रस्सा केला होता. काळाभोर, वर तेलाचा तवंग, आणि पहिल्या घासाला माझ्या कानातून वाफ निघाली. तोंड विझवावं म्हणून मी वरणाचं पातेलं जवळ ओढलं आणि डाव फिरवला, तर आत खण्णकन् आवाज झाला.

"घाबरू नका," वसंतराव म्हणाले. "पाना आहे. बावीसचा."

मी केतकीकडं बघितलं. ती ताटात बघत होती. मग वसंतरावांनी मला सगळं नीट समजावून सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं की हिच्या अंगात लोखंड कमी आहे. आता ज्या माणसाची जिंदगी लोखंडात गेली त्याच्या घरात लोखंड कमी पडावं म्हणजे इज्जतीचाच सवाल. त्यांची आई तापवलेली पळी ताकात विझवून बाळंतिणीला द्यायची. तोच धागा त्यांनी पुढं नेला. रोज गॅसवर पाना लाल करायचा आणि वरणात चुर्र करून सोडायचा. भाजीत दोन नट. बातमी नातेवाइकांत फिरली, मग उमरेडच्या चुलतभावानं जुन्या मागाचा एक लोखंडी दांडा पाठवला, तो कढीसाठी. शेजारच्या काकूंनी घोड्याचा नाल दिला. कुणी भेटायला येताना बिस्किटं घेऊन येईना, लोखंड घेऊन यायचे. स्वयंपाकघरातल्या खिळ्यांवर हे सगळं ओळीनं टांगलेलं होतं. मला आधी वाटलं होतं, नळाचं काम काढलंय.

आणि एवढं लोखंड पोटात जाऊनही रक्त उतरतच होतं. वसंतराव आता मोठ्या पान्याच्या शोधात होते.

मला राहवेना. शिक्षिका निवृत्त होते, तिची जीभ होत नाही. मी जेवता जेवता वर्गच घेतला. म्हटलं, वसंतराव, शरीर लोखंड असं उघड्यावर ठेवत नाही. ते प्रथिनांच्या पोटात दडवून ठेवतं. सगळ्यात जास्त रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये, थोडं साठवणीतल्या प्रथिनात, थोडं ने-आण करणाऱ्या प्रथिनात. कारण उघड आहे. लोखंड सगळ्यांनाच लागतं, आतल्यांना आणि बाहेरून घुसलेल्यांनाही. मलेरियाचा जंतू तर रक्तपेशीच्या आत राहायला जातो आणि बसल्या जागी हिमोग्लोबिन खातो. आफ्रिकेत झोपेचा आजार करणारा एक आहे, तो ने-आण करणारं प्रथिन वाटेतच धरतो, मालासकट गिळतो. आणि आपल्या मातीतला अंकुशकृमी आतड्याला दातांनी धरून बसतो, जखमेतलं रक्त गोठू नये म्हणून औषध सोडतो आणि रक्त पितो. मग त्याच्या पोटात पाचक रस हिमोग्लोबिन कापतात. आधी एक मोठा काप, मग बारीक, मग आणखी बारीक. त्याला त्यातला हीम नावाचा लोखंडवाला भाग हवा असतो, कारण तो त्याला स्वतःला बनवता येत नाही. या जातीला ती अक्कलच नाही, उसनं आणल्याशिवाय चालतच नाही.

वसंतरावांचा घास हातातच राहिला. त्यांच्या कारखान्यात भंगारचोर यायचे ते त्यांना आठवलं. अख्खी मोटार पळवायचे आणि आतलं तांबं काढून बाकीचं नाल्यात टाकायचे.

मी म्हटलं, अगदी तेच. तुम्ही दारातून नव्या मोटारी आत टाकताय आणि चोर मागच्या दारानं फोडून नेतोय. लोखंड कमी पडत नाही, ते कुणीतरी नेतंय.

एवढं बोलून मी पुष्पाताईंकडं बघितलं. माझ्या मते ही प्रस्तावना झाली होती, आता फक्त डबीचा विषय काढायचा होता. पुष्पाताईंनी हात धुतला. "जंत लेकरायले होतात, ईनबाई," त्या म्हणाल्या. "मी काय लेकरू आहे?" आणि आत जाऊन आडव्या झाल्या. माझ्या पर्समधली डबी पर्समध्येच राहिली.

भिवापूर

दुसऱ्या दिवशी पुष्पाताईंनीच बेत काढला की ईनबाईंना माझं माहेर दाखवायचं. त्यांचं माहेर भिवापूरचं, शेतकऱ्याचं घर. सगळ्यांनी नको म्हटलं, पण माहेरी जायचं म्हटलं की बायकांना कुठून बळ येतं ते कुठल्याच प्रथिनात सापडायचं नाही. जावई गाडी चालवणार, मागं आम्ही दोघी विहिणी. मी मनाशी ठरवलं, उमरेड येईपर्यंत विषय काढायचा. उमरेड आलं. तिथं वसंतरावांच्या चुलतभावानं गाडी थांबवून आणखी एक लोखंडी चक्र डिकीत टाकलं. मग भिवापूर येईपर्यंत विचारायचं ठरवलं, तर पुष्पाताई माझ्या खांद्यावर झोपल्या. झोपलेल्या माणसाला काय विचारणार, कप्पाळ?

भिवापूरची मिरची जिनं बघितली नाही तिनं लाल रंग बघितला नाही. मिरची वाळत घालायच्या आणि देठं खुडायच्या अंगणाला तिकडं सातरा म्हणतात. लांबच लांब लाल पट्टे, त्यांच्या कडेनं बायका बसलेल्या, तोंडाला फडकी, हात चाललेले आणि तोंडं त्याहून जोरात. सांगलीला आम्ही हळदीचा तोरा मिरवतो. तिथं उभी राहिल्यावर हळद मला जरा मवाळच वाटली. कौतुकानं मी एक मिरची मोडून बघितली आणि त्याच हातानं डोळा पुसला. पुढचा बराच वेळ मी भिवापूर एका डोळ्यानं पाहिलं. बायकांची हसून पुरेवाट झाली. एकीनं मला ताकाचा तांब्या आणून दिला. मी आधी त्यात हात घालून बघितला, पाना नव्हता.

त्या उरलेल्या डोळ्यानं मला एक गोष्ट दिसली. सातऱ्याच्या कडेला चपलांचा ढीग होता. पुष्पाताई गाडीतून उतरल्या, दम खात कडेपर्यंत आल्या, चपला काढल्या, वाकून मातीला हात लावून कपाळाला लावला आणि मगच पुढं गेल्या. मी चपला घालूनच आत शिरले होते, ते लक्षात आल्यावर जीभ चावून माघारी आले.

"पिकात का कोनी चप्पल घालून जाते?" पुष्पाताई मला समजावत म्हणाल्या. "लक्ष्मी आहे न ते."

मी विचारलं, घरामागं तुम्ही पालक लावलाय, त्यातही असंच जाता का? त्या म्हणाल्या, मग, पालक काय पीक नाही? माझा मिरचीचा डोळा एकदम उघडला. त्यांच्या अनवाणी पावलांकडं बघितलं तर बोटांच्या बेचक्यांत खाजवून खाजवून झालेले जुने डाग होते. परत येताना मी खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांची पावलंच बघत होते, ते जावयाला खटकलं. त्यानं मला बरं नाही का असं दोनदा विचारलं.

पालकाचा वाफा

घरामागं एक रिकामा प्लॉट होता. मालक नागपुरात नव्हता, म्हणून पुष्पाताईंनी तिथं पालक लावलेला. रक्त थोडं कमी आहे असं पहिल्यांदा कळलं तेव्हा एक वाफा. लोखंडाची भाजी म्हणून. पुढच्या तपासणीत रक्त आणखी उतरलं, मग त्यांनी दुसरा वाफा केला. आणखी उतरलं, तिसरा. मी गेले तेव्हा सगळा प्लॉट हिरवागार होता आणि बाईंच्या अंगात रक्त नव्हतं. सासू, सासरे, सून, सगळे रोज चपला कडेला काढून, मातीला नमस्कार करून, ओल्या वाफ्यात शिरून पालक खुडत होते.

वाफ्याच्या पलीकडं सात मजल्यांच्या कामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. माणसं कुठून कुठून आलेली, लेकराबाळांसकट. बिल्डरनं त्यांना पत्रे दिले होते, बल्ब दिला होता, संडास दिला नव्हता. मग ती माणसं पहाटे कुठं जाणार? याच वाफ्यांना लागून असलेल्या झुडपात. रोज पाणी घातलेली सावलीची ओली माती, त्यात शौचातून पडलेली जंतांची अंडी फुटतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या अळ्या वर येऊन वाट बघत बसतात आणि उघडं पाऊल पडलं की कातडीतून आत शिरतात. रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात, घशातून पोटात. मुक्कामाला पोचल्या की जेवायला बसतात. रक्त वाढावं म्हणून लावलेल्या पालकानंच त्यांना पाटपाणी केलं होतं. मला हसावं की रडावं कळेना, आणि बिल्डर समोर असता तर मी दोन्ही न करता त्याच्या कानाखाली वाजवली असती.

पुष्पाताई वाफ्याच्या बांधावर बसल्या होत्या. मी जवळ बसले आणि आडवळण न घेता सांगून टाकलं. जंत लेकरांना होतात तसे मातीत राबणाऱ्यांनाही होतात, यात अब्रूचं काही नाही. पर्समधली डबी काढून आमच्या दोघींच्या मधे ठेवली. पुष्पाताई त्या डबीकडं इतका वेळ बघत राहिल्या की मला वाटलं, आता माझ्या पोरीचं सासर तुटलं.

"लग्नात पह्यला मान आमचा होता," शेवटी त्या म्हणाल्या. "आता पह्यला मान तुमचा."

मला आधी कळेचना. मग कळलं. डबी मी आधी द्यायची, मग त्या. एकट्या ईनबाईंची चौकशी होता कामा नये, बरोबरीनं व्हायला हवी. शिवाय वसंतराव, केतकी आणि जावई स्वप्नील, सगळ्यांनी. मी म्हटलं, चालेल. असल्या अटीवर याआधी कुठल्या विहिणींनी समेट केला असेल असं वाटत नाही.

सकाळी घरात मंगलकार्याची धांदल होती. संडास एक आणि माणसं पाच, तरी मानपान चुकला नाही. माझ्याआधी कुणी आत जाईना. माझं काम होईना. बाहेर सगळे अदबीनं उभे, वसंतराव मधूनच चहा पाठवू का विचारत होते. अखेर पाचही डब्या तयार झाल्या. त्या उघड्या कशा न्यायच्या म्हणून पुष्पाताईंनी त्या कोऱ्या खणात गुंडाळल्या आणि साडीच्या दुकानाच्या पिशवीत ठेवल्या. लॅबमधल्या माणसानं खण बघितला आणि त्याला वाटलं सत्यनारायणाचा प्रसाद असेल. त्यानं पिशवीला हात लावून कपाळाला लावला.

निकाल आला. पुष्पाताईंच्या पोटात अंकुशकृमींची वस्ती होती. वसंतराव आणि केतकीच्या पोटात तुरळक. मी स्वच्छ. जावईही स्वच्छ, कारण त्यानं लग्नापासून आजवर एकदाही भाजी खुडलेली नव्हती. केतकीनं त्याच्याकडं असं बघितलं की त्याला जंत असते तर बरं झालं असतं.

पुष्पाताई कॉटवर बसून रडायला लागल्या. मी धावले, म्हटलं औषध साधं आहे, गोळ्या आहेत, रडताय कशाला. त्यांनी माझा हात धरला.

"मले वाटे मी आळशी झाली," त्या म्हणाल्या. "दोन वर्सापासून सोताले शिव्या देऊन राहिली न मी, ईनबाई."

सुनेला स्वयंपाकाला लावून आपण आडवं व्हायचं याची त्यांना लाज वाटायची. कॉलनीतल्या बायका बोलायच्या ते त्यांना ऐकू यायचं. मी त्यांच्याजवळ बसले आणि मलाही रडू आलं. खरं सांगते, लग्नात केतकी निघाली तेव्हाही मी एवढी रडले नव्हते. वसंतराव दारात उभे राहून विचारत होते की आता पाने काढून ठेवू का.

एकच गाठ सुटेना. गोळ्या घेतल्या तरी पुन्हा अनवाणी वाफ्यात गेलं की ये रे माझ्या मागल्या. मी म्हटलं, चप्पल घालून जा. पुष्पाताईंनी मान हलवली. मरेन पण पिकात चप्पल नाही. मी विज्ञान सांगितलं, केतकीनं हात जोडले, डॉक्टरांनी फोनवर दरडावलं. बाई ढिम्म. मग त्यांनीच बसल्या बसल्या तोड काढली. चप्पल वाईट नाही, रस्ता तुडवलेली चप्पल वाईट. जिनं रस्ता बघितलाच नाही तिचं काय?

वसंतराव त्याच पावली बाजारात गेले आणि कोऱ्या गमबुटांचा जोड घेऊन आले, पिवळेधमक. पुष्पाताईंनी ते धुतले, त्यांना हळदकुंकू लावलं, वर फूल ठेवलं आणि देवघराच्या खालच्या फळीवर मांडले. फक्त पिकासाठी, दुसरीकडं कुठं नाही. मी निघायच्या दिवशी सकाळी पूजा झाल्यावर त्यांनी बूट उचलले, वाफ्याच्या कडेला जाऊन पायांत चढवले, मातीला नमस्कार केला आणि आत गेल्या. केतकीनं मला कोपरानं ढोसलं, हसू नकोस म्हणून.

सांगली

परतल्यावर केतकीचे फोन येत राहिले. गोळ्यांचा गुण आला. लोखंडाच्या गोळ्या आता अंगी लागायला लागल्या आणि रक्त चढत गेलं. पाने अवजारांच्या पेटीत गेले, वसंतराव चार दिवस घुश्शात होते. रक्त नऊवर गेलं तशा पुष्पाताई कॉलनीतल्या बायकांना घेऊन बिल्डरच्या ऑफिसात जाऊन बसल्या आणि मजुरांसाठी संडास बांधायला सुरुवात झाल्याशिवाय उठल्या नाहीत. त्याच मजुरांच्या बायकांना त्यांनी घरी बोलावून गोळ्यांबद्दल सांगितलं. दहाच्या वर गेलं आणि डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. खडे निघाले. ते बाटलीत घालून घरच्यांना दाखवायची पद्धत असते, तसे दाखवलेही.

परवा पुष्पाताईंचा स्वतःचा फोन आला. आवाज खणखणीत, वाढप्यांना दम देणारा. मी म्हटलं, सुटलात बाई, खडेही गेले आणि जंतही गेले.

"डाक्टरनं गोटे दाखवले, ईनबाई," त्या म्हणाल्या. "ते किडे काई कोनी दाखवले नाई. दोन वर्स माह्या रक्तावर पोसले. जाताना तोंड तरी दाखवाचं होतं."